सत्यभामा आणि सांबरशिंगाची मूठ

सुरी कुणाच्या हातात देऊ नये, भांडण होतं. खाली ठेवावी, ज्याला हवी त्यानं उचलावी. आमच्याकडं पोरीबाळींना हे चालायला लागल्यापासून शिकवतात. सत्यभामेनं पहिल्यांदा माझी सुरी धार लावून परत दिली, ती थेट माझ्या हातात. मी म्हटलं, "अगं, खाली ठेव की."

"का? भांडायचं असंल तर भांडू की फुलाक्का. त्याला सुरी कशाला लागती?"

बाई अशी होती. तिची गोष्ट लिहून ठेवावी असं बरेच दिवस मनात होतं. माझी शाळा जेमतेम, अक्षर कोंबडीच्या पायाचं, पण गोष्ट खरी डोळ्यांदेखतची आहे.

ही कतारातली गोष्ट. साल एक्क्याऐंशी असेल, ब्याऐंशीही असेल. माझा धाकटा तेव्हा भिंत धरून उभा राहायचा, एवढं पक्कं. आमचे हे, पोपटराव, दोह्यात नजमा नावाच्या भागातल्या एका गॅरेजात लेथवर होते. गॅरेजच्या मागं दोन खोल्या मालकानं दिल्या होत्या. आजूबाजूला सगळी एकटी माणसं, एकेका खोलीत आठ-दहा जण, दारात वाळत घातलेल्या लुंग्या आणि कोपऱ्यावर चहाची कॅफेटेरिया. बाईमाणूस दिसलं तर गल्ली खाली मान घालून वाट द्यायची. मी आणि माझी सावली, एवढ्या दोनच बायका त्या गल्लीत. म्हणून सत्यभामा आली तेव्हा मला सण झाल्यासारखं वाटलं.

ती शैलजावहिनींकडं स्वयंपाकाला होती. शैलजावहिनी पुण्याच्या, त्यांचे यजमान सदानंदराव तेलाच्या कंपनीत इंजिनियर. पण ही स्वयंपाकीण मूळची जातीची घिसाडी. पाटणच्या बाजूची. गाढवावर भाता लादून गावोगाव हिंडायचं, विळे, खुरपी, कुऱ्हाडी घडवायच्या. त्यांच्यात पुरुष बसून सांडशीनं लोखंड धरतो आणि बाई उभी राहून घण घालते. तिच्या दंडाकडं बघितलं की पटायचं. पोळी लाटताना पोळपाट दबकून असायचा.

नवऱ्यानं दुसरी आणली. आणली ती आणली, वर हिला म्हणाला, "तू पण ऱ्हा. घण घालायला माणूस लागतंयच." सत्यभामेनं हातातला घण रस्त्याच्या मधोमध ठेवला आणि एस्टीत बसून पुण्याला गेली. तिथं शैलजावहिनींच्या आईकडं कामाला लागली आणि मग वहिनींबरोबर इकडं.

मी विचारलं होतं, "रस्त्यात का ठेवलास गं?"

"त्याला वाकून उचलाय लागावा म्हणून."

वहिनींच्या सुऱ्या धार लावायला म्हणून ती गॅरेजात आली. यांनी सुरी चाकावर धरली, ठिणग्या उडाल्या, पातं तापून निळं पडलं, त्याचं पाणी उतरलं. ही ओरडली नाही, काही नाही. यांच्या हातातून सुरी काढून घेतली आणि म्हणाली, "दाजी, तुम्ही गाड्या बघा." त्यानंतर दर शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, ती आमच्याकडं यायची. पाण्याचं डबडं शेजारी घेऊन चाकाशी बसायची. आधी माझी विळी, मग शेजारच्या कॅफेटेरियाच्या सुऱ्या, मग न्हाव्याच्या कात्र्या. यांनी तिला मागच्या शेडमधला एक कोपराच देऊन टाकला. हे मला म्हणायचे, "तुझी बहीण माझ्या गॅरेजात बसते का मी तिच्या, काही कळत नाही."

थंडी पडायला लागली आणि शैलजावहिनींनी सांगितलं, मुलांच्या परीक्षा झाल्या की आम्ही कायमचे पुण्याला. सत्यभामेचा विसा त्यांच्या नावावर. ते गेले की तीही जाणार. आणि पुण्यात तरी कुठं राहणार? वहिनींची आई तोवर वारलेली. गावाकडून भावाचा निरोप आला होता, नवरा नांदवायला तयार आहे म्हणून.

"तयार है म्हणं. मी तयार है का, ते कुणी इचारलं न्हाई," ती म्हणाली. "मी जात न्हाई फुलाक्का. हितंच ऱ्हानार."

"आणि विसा?"

"दुसरा कुणीतरी कफील मिळंल." कफील म्हणजे तिकडचा माणूस, जो आपल्या नावाची जबाबदारी घेतो. त्याच्याशिवाय त्या देशात पाऊलही टाकता येत नाही. पण असा माणूस काय झाडाला लागतो?

एका शुक्रवारी उत्तरेकडच्या अल रुवैसहून एक पिकअप आली. तिकडं कोळ्यांचं गाव आहे, समुद्राकाठी. पिकअप रहमान नावाच्या तरुणाची, स्टार्टर बिघडलेला. पुढच्या सीटवर त्याची आई, मुनीरा. काळा पायघोळ झगा, तोंडावर सोनेरी चकाकीचा मुखवटा, त्यातून दोन डोळे तेवढे दिसायचे. ते डोळे सत्यभामेच्या चाकावरून हलेनात. शेवटी म्हातारी खाली उतरली. फडक्यातून एक सुरी काढली. पातं वीतभर, झिजून बारीक झालेलं, पण पाणी अजून शाबूत. मूठ मात्र उभी चिरलेली, दोऱ्यानं बांधलेली.

जुन्या गलबतवाल्या लोकांना तिकडं हिंदी येतं, मोडकंतोडकं. म्हणाली, "मेरा आदमी का. बंबई से लाया. मछली काटता था, मैं भी काटती. बाजार में सब बोलता है, प्लास्टिक लगाओ. प्लास्टिक हाथ में घूमता. पानी, खून, सब लगता, घूम जाता. मेरे को वही सिंग मंगता."

सत्यभामेनं मुठीवरून अंगठा फिरवला. झाडाच्या सालीसारखी खरखरीत, उभ्या खाचा. "सांबर है ये," म्हणाली. "मैं करके देती. लेकिन पैसा नहीं मंगता. कफील मंगता."

रहमान हसला. आईला अरबीत काहीतरी म्हणाला. बाई लोहार, असंच काहीतरी असणार, कारण म्हातारी त्याच्यावर खेकसली आणि मग आम्हालाही कळावं म्हणून हिंदीत म्हणाली, "औरत है तो क्या? तेरे बाप का जाल कौन सीता था?"

मग सत्यभामेकडं वळली. "पहले सिंग. दो महीना में. सिंग अच्छा, तो मेरा कफाला. रुवैस में धार करनेवाला कोई नहीं, सब दोहा आता है. सिंग नहीं, तो खलास."

"इन्शाल्ला," सत्यभामा म्हणाली. कतारात राहून ती हा एक शब्द चांगला शिकली होती. पण बाकीचे लोक काम होणार नसलं की तो म्हणतात, ही करणार असली की म्हणायची.

आता वाळवंटात सांबर कुठून आणायचं? तिच्या लहानपणी सोपं होतं. उन्हाळ्यात सांबराची शिंगं आपोआप गळतात, दरवर्षी. रानात गुरं राखणारे गोळा करून ठेवायचे, तिचा बाप त्यांना विळा द्यायचा आणि शिंग घ्यायचा. मूठ करायची ती गळालेल्याच शिंगाची. मारलेल्या जनावराचं शिंग सुरीला लावलं तर मूठ हातात टिकत नाही, असं त्यांच्यात मानतात. "आमचा बाप दारू प्यायचा, उधारी बुडवायचा, पण ह्या एका गोष्टीला पक्का होता," ती सांगायची.

जुन्या बाजारात रियाजभाईचं दुकान होतं. सुऱ्या, कुलपं, गळ, दोरखंड. माणूस आपल्या दापोलीकडचा, मराठी बोलणारा, त्यामुळं टोमणाही मराठीत मारायचा. मुनीराला प्लास्टिक लावून देतो म्हणणारा तोच. आम्ही गेलो तेव्हा माझ्या पिशवीत सहाण होती. सत्यभामेनं आणायला सांगितली होती, का ते सांगितलं नव्हतं.

"या बाई. घिसाड्यांचं पाल आता दोह्यात पण पडलं काय?"

"पडलं. तुमच्याच दारात टाकू का?" म्हणत ती दुकानाच्या पायरीवर बसली. "सांबरशिंग है का? दावा."

त्यानं आतून एक मूठ आणली. दिसायला हुबेहूब, खाचा, रंग, सगळं. सत्यभामेनं सहाणेवर दोन थेंब पाणी टाकलं आणि मुठीचं टोक उगाळायला लागली. आपल्याकडं लेकराची छाती भरली की सांबरशिंग उगाळून लेप लावतात, तस्सं. सहाण कोरीच. पांढरं दूध निघेना. तिनं मूठ नाकाशी धरली, प्लास्टिकचा वास आला, आणि परत दिली. "हे पेट्रोलच्या घरातलं सांबर."

दुसरी आणली, ती म्हशीच्या शिंगाची. सहाणेवर काळपट चिखल. "ही तुमच्या आईला दूध देत आसंल."

तोवर बघे जमले होते. रियाजभाई लालबुंद झाला, पण पठ्ठ्यानंही माघार घेतली नाही. दुकानाच्या मागं गेला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक अख्खं शिंग घेऊन आला. हातभर लांब, जाड, तपकिरी. कुणीतरी गलबतावरून आणून दिलं होतं. तिनं उगाळलं. घट्ट पांढरं दूध निघालं. माझ्या जिवात जीव आला. मी मनात मुनीराचा मुखवटा बघून घेतला, रुवैसची पिकअपही बघितली.

सत्यभामेनं शिंग उलटं केलं. बुडखा बघितला. गळालेल्या शिंगाचा बुडखा गोल, खडबडीत असतो, पिकून देठातून सुटलेल्या फळासारखा. ह्याच्या बुडाला कवटीचं हाड चिकटलेलं होतं, करवतीनं कापलेलं.

तिनं ते पायरीवर ठेवलं. हातात दिलं नाही, खाली ठेवलं. ते बघूनच मला कळलं.

"काय झालं?" रियाजभाई म्हणाला. "अस्सल आहे. तुम्हीच उगाळलंत."

"अस्सल है. पण मारून आणलंय."

"मग? सुरी काय शाकाहारी आहे?"

लोक हसले. मीही हसले असते, पण हसायची वेळ नव्हती. तिच्या कानाशी लागून म्हटलं, "सत्या, घे गं. दिवस थोडे राहिलेत. कोण बघायला येणार आहे?"

"मी है की."

मी तणतणत घरी आले. पोपटरावांना सांगितलं तर ते डोक्याला हात लावून बसले. "मुनीराला काय कळणार मारलेलं का गळालेलं? विसा जातोय हातचा, आणि ही बापाचे नियम पाळतेय. दारुड्या बापाचे."

सत्यभामा चाकाशी बसली होती. म्हणाली, "दाजी, नवरा म्हणाला ऱ्हा, मी ऱ्हायले न्हाई. भाऊ म्हणतो ये, मी जात न्हाई. आता शिंगासाठी मान खाली घातली तर मग तवाच घातली असती, एवढं लांब कशाला आले?"

हे पाना घेऊन उठले. स्टार्टर उघडून बसले.

संक्रांत आली. शैलजावहिनींच्या फ्लॅटवर हळदीकुंकू. दोह्यातल्या मराठी बायका, रेशमी साड्या, गल्फमधलं सोनं, मुलं इंग्रजीत भांडत सोफ्यावरून उड्या मारणारी. सत्यभामा आत तिळाच्या वड्या थापत होती. मला राहवेना. मी सगळ्यांना विचारून टाकलं, "कुणाकडं सांबरशिंग आहे का हो, बटव्यातलं?"

होतं की. प्रत्येकीकडं होतं. आई, सासू, आजी, कुणी ना कुणी बांधून दिलेलं. दोन-तिघी जवळच राहणाऱ्या, त्या धावत घरी जाऊन घेऊन आल्या. पण तुकडे कसले, तर करंगळीएवढे, उगाळून उगाळून गुळगुळीत. सत्यभामेनं एकेक हातात घेतला, कपाळाला लावला आणि परत केला. "ही लेकरांची औषधं हैत. ह्यात मूठ बसत न्हाई."

तेव्हा कोपऱ्यातून शशिकलाबाई, सोफ्यावरून उड्या मारणाऱ्या नयनाची आई, म्हणाल्या, "म्हणजे सांबरशिंग असं दिसतं होय?" आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांत पाणी. "अहो, सासूबाईंनी निघताना लाल फडक्यात बांधून दिलं होतं. हे जवळ ठेव, पोरीला जपेल म्हणाल्या. मला वाटलं कुळाचार असेल काहीतरी. मी तेव्हापासून देवघरात ठेवून रोज हळदकुंकू वाहतेय."

सगळा हॉल हसला. शशिकलाबाई सगळ्यांत जास्त. "आणि नैवेद्य पण," म्हणाल्या.

"केवढं है?" सत्यभामा दारात उभी, हाताला तीळ चिकटलेले.

शशिकलाबाईंनी कोपरापर्यंत हात दाखवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्याकडं. देवघरात बाळकृष्णाच्या मागं ते उभं होतं, कुंकवानं लाल झालेलं. सत्यभामेनं नमस्कार केला, उचललं, उलटं केलं. बुडखा गोल. ओल्या फडक्यानं पुसलं तर खाली झाडाच्या सालीसारख्या खाचा. मी तिच्या तोंडाकडं बघितलं. घिसाडीण लहान मुलीसारखी दिसत होती.

पण शशिकलाबाईंचं हसू आता मावळलं होतं. "सत्यभामा, काल मी बोलून गेले. पण इतकी वर्षं पूजा केलीय गं. चुकून केली असेल, केली तर आहे. आता मासे कापायच्या सुरीला कशी देऊ?"

हे मात्र अवघड होतं. त्यांचंही खोटं नव्हतं. 

सत्यभामा म्हणाली, "वहिनी, फुकट मागत न्हाई. इकत घेते. देवाला देव म्हणून घेते." आणि खाली बसली. पायातली जोडवी काढायला लागली. चांदीची, जाड, नवऱ्याच्या घरची. बोटं रुंदावलेली, निघेनात. तिनं मागितलं तेव्हा मीच तेलाची वाटी आणून दिली.

"अगं, नवरा जिवंत आहे ना तुझा," शशिकलाबाई दचकल्या.

"जिता है. त्याच्या नावानं मी एवढी वर्सं चांदी वागवली. आता त्यानं माझ्या एका कामाला यावं."

तिनं जोडवी पुढं केली. शशिकलाबाईंनी घ्यावी का नको, बराच वेळ बघितलं. मग हात पुढं केला. "शेंडा मला ठेवशील?" एवढंच म्हणाल्या.

"ठेवते की. मुठीला बुंधाच लागतो. शेंडा तुमचा. पोरीला खोकला झाला की उगाळा, न्हाई झाला तर पुजा."

शेंडा देवघरात परत गेला. जोडवी त्याच्या शेजारी. नंतर बरेच दिवस शशिकलाबाई म्हणायच्या, आमच्या देवघरात काय आहे हे आता देवालाच माहीत.

मूठ बसवायचा दिवस मला जसाच्या तसा आठवतो. शिंगाचा बुंधा हवा तेवढा कापला. आतल्या गाभ्यात भोक पाडायचं, त्यात पात्याची मागची शेपटी बसवायची. पोपटराव लेथच्या ड्रिलवर करतो म्हणाले, तिनं ऐकलं नाही. तापलेली सळई घालून, गार होऊ देत, पुन्हा घालत, हळूहळू. घरभर हाड जळाल्याचा वास. मी उदबत्ती लावली, तीही हरली. मग भोकात वितळलेली लाख ओतली आणि पातं बसवलं. मूठ घासून चकचकीत केली नाही. साल तशीच ठेवली. "ह्या खाचांसाठीच तर एवढा आटापिटा," म्हणाली.

कुंकवाचा लाल रंग काही खाचांतून गेला नाही. तो तसाच राहिला.

मुनीरानं दिलेल्या मुदतीतला तो शेवटचा शुक्रवार नसेल, पण फार लांबही नव्हता. पोपटरावांनी गॅरेजची पिकअप काढली. आम्ही तिघं पुढं, धाकटा माझ्या मांडीवर. रुवैसपर्यंत दोन्हीकडं नुसतं सपाट रान, मध्येच एखादं बकऱ्यांचं कुंपण. मुनीराचं घर बंदराच्या जवळ, अंगणात जाळी वाळत घातलेली. रहमान नुकताच मासे घेऊन आला होता.

सत्यभामेनं सुरी फडक्यातून काढली आणि मुनीराच्या हातात दिली. थेट हातात.

मुनीरानं मूठ दाबून बघितली. टोपलीतून एक मोठा मासा घेतला, हमूर, तिथल्या लोकांच्या आवडीचा. मूठ मुद्दाम पाण्यात बुडवली, माशाच्या रक्तात लोळवली आणि मग कापायला बसली. खवले, पोट, मणका. हात म्हातारा, पण सराईत. मूठ एकदाही फिरली नाही. आम्ही उभे. माझं लक्ष माशाकडं, सत्यभामेचं मुठीकडं.

कापून झाल्यावर म्हातारीनं सुरी धुतली, उन्हात धरली. खाचेतल्या लाल रंगाकडं बोट केलं. "ये क्या?"

"पूजा का," सत्यभामा म्हणाली. लपवालपवी तिला जमतच नव्हती. मी डोळे मिटले.

मुनीरानं खाचेवरून नख फिरवलं. "तेरा पूजा?"

"नहीं. एक बहन का."

"कोई मारा नहीं इसको?"

"नहीं. अपने आप गिरा."

म्हातारीनं मान हलवली. मग पोराकडं न बघताच म्हणाली, "रहमान. यल्ला, इसका पासपोर्ट ले."

शैलजावहिनी गेल्या, सत्यभामा राहिली. अल रुवैसमध्ये मुनीराच्या अंगणात पत्र्याची शेड टाकली, भाता बांधला. कोळ्यांच्या सुऱ्या, गळ, नांगराचे आकडे, सगळं तिच्याकडं यायला लागलं. पुढं पुढं रियाजभाईही मुठी बसवायची कामं तिच्याकडं पाठवायचा. पहिल्यांदा स्वतः आला तेव्हा म्हणाला, "बाई, सहाण घेऊन बसू नका, हे गळालेलंच आहे." तिनं तरी उलटं करून बघितलंच. आणि घण घालायला माणूस हवा म्हणून एक बंगाली गडी ठेवला. ती बसून सांडशी धरायची, तो उभा राहून घण घालायचा. मला हे बघायला फार आवडायचं.

एकदा तिच्या नवऱ्याकडचा कुणी चुलतदीर दोह्यात कामाला आला. माझ्याकडून पत्ता घेऊन रुवैसला गेला, दादा बोलावतोय म्हणून सांगायला. सत्यभामेनं त्याला जेवायला घातलं, हमूरचं कालवण आणि भात. निघताना म्हणाली, "दादाला सांग, सांबर गळालेलं शिंग शोधत मागं फिरत न्हाई."

"म्हणजे?" तो बिचारा.

"त्याला नसंल कळत तर आणलेल्या दुसरीला इचार म्हणावं."

आम्ही नव्वदच्या आधीच परत आलो. येताना तिनं मला एक सुरी दिली. मूठ त्याच शिंगाच्या उरलेल्या तुकड्याची, म्हणून आखूड. माझ्या मुठीला बरोबर बसते. अजून भाजी तिच्यानंच चिरते. सुनेला देताना हातात देते. सून म्हणते, "आई, खाली ठेवा, भांडण होईल."

मी म्हणते, घे हातात. झालं तर होऊ दे.